पोलादाचे रंगीत कवच
जुन्या बंदुकांच्या भागांवरील कठीण थर व त्याचे रंग

जुनी शस्त्रे मांडून ठेवलेल्या वस्तुसंग्रहालयात चौकस प्रेक्षकाचे लक्ष एका गोष्टीकडे हटकून जाते. अमेरिकेतील कोल्ट कंपनीने १८७३ साली सैन्यासाठी बनविलेले सहाबारी पिस्तूल घ्या. त्याची नळी व काडतुसांचे फिरते कोठार ही सर्वत्र सारखीच निळसर काळी असतात. परंतु ज्या चौकटीत हे भाग बसविलेले असतात, ती चौकट मात्र निराळीच दिसते. तिच्यावर गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा व राखी असे रंग एकमेकांत मिसळून गेलेले असतात. पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यात तेलाचा थेंब पडला म्हणजे जसे रंग पसरतात, तसाच काहीसा हा देखावा असतो. लंडन व बर्मिंगहॅम येथील कारागिरांनी घडविलेल्या दुनळी शिकारी बंदुकांच्या चापयंत्रावरील पट्ट्यांवरही असेच रंग आढळतात.

हे रंग कोणी कुंचल्याने दिलेले नसतात. त्यांत रंगद्रव्याचा कणही नसतो. एके काळी ते केवळ शोभेसाठी निर्माण केले गेले, असेही नाही. हाडांचा कोळसा, भट्टीची आच व थंड पाणी यांच्या साहाय्याने लोखंडाला कठीण कवच चढविण्याची जी जुनी रीत आहे, तिचीच ती एक खूण होय. मात्र ही खूण नीट वाचावी लागते. रंग दिसला म्हणजे बळ आले, असे समजणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो. असे का, ते पाहण्यासाठी प्रथम बंदुकीच्या यंत्राला कोणत्या प्रकारचे लोखंड लागते, हे समजून घेतले पाहिजे.

दोन परस्परविरोधी गुण

बंदुकीचा घोडा मागे ओढला म्हणजे त्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत एक लहानशी जीभ अडकते. चाप दाबला की ही जीभ खाचेतून निसटते आणि घोडा स्प्रिंगच्या जोराने पुढे आदळतो. या खाचेची कड अतिशय बारीक असते. ती मऊ धातूची असेल, तर थोड्याच दिवसांत झिजून गुळगुळीत होईल. मग चाप न दाबताही घोडा सुटू लागेल, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून ही कड कठीण असणे आवश्यक असते.

चकमकीच्या बंदुकीत तर कठीणपणावाचून काम चालतच नाही. तीत गारगोटीचा तुकडा एका उभ्या पोलादी पट्टीवर घासून आदळतो. तेव्हा पट्टीचे सूक्ष्म कण खरवडून निघतात आणि हवेत पेट घेतात. ठिणगी म्हणतात ती हीच. पट्टीचा पृष्ठभाग मऊ असेल, तर गारगोटी त्यात नुसती रुतते व पेटते कण नीट निघत नाहीत. दारू पेटतच नाही.

मग सगळा भागच कठीण पोलादाचा का करू नये? याचे उत्तर असे की, अतिशय कठीण केलेले पोलाद बहुधा ठिसूळ असते. काच कठीण असते, पण एका फटक्याने फुटते. अशा पोलादाचीही तीच गत होते. घोडा प्रत्येक वेळी जोराने आदळतो. चौकटीला प्रत्येक बाराचा धक्का सोसावा लागतो. तेथे चिवटपणा हवा, म्हणजे धक्का बसला असता न तुटता किंचित वाकण्याची तयारी हवी. हा गुण मऊ, घडीव लोखंडात असतो.

थोडक्यात, बाहेरून कठीण व आतून चिवट असा भाग हवा. नारळाची करवंटी कठीण व आतील खोबरे मऊ असते. परंतु ते दोन वेगळे पदार्थ आहेत. येथे मात्र लोखंडाच्या एकाच अखंड तुकड्याला दोन स्वभाव द्यावयाचे आहेत. या क्रियेला कवच-कठिनीकरण असे म्हणतात.

कार्बनची करामत

आपल्याकडील लोहार विळा किंवा कोयता तापवून पाण्यात बुडवितो. त्याला तो धारेला पाणी पाजणे असे म्हणतो. परंतु प्रत्येक लोखंड असे पाणी पीत नाही. मऊ लोखंडाचा खिळा लालबुंद करून पाण्यात टाकला, तरी तो जवळजवळ पूर्वीइतकाच मऊ राहतो. पाणी चढण्यासाठी लोखंडात पुरेसा कार्बन असावा लागतो.

घडीव लोखंडात कार्बनचे प्रमाण शेकडा ०.१ हूनही कमी असते. चांगले पाणी चढणाऱ्या पोलादात ते शेकडा ०.८ ते १ पर्यंत असते. एवढ्याशा फरकाने लोखंडाचा स्वभाव पालटतो, याचे कारण त्याच्या अणूंच्या मांडणीत आहे. नेहमीच्या तपमानास लोखंडाचे अणू अशा रीतीने रचलेले असतात की, त्यांच्यामधील प्रत्येक फट अगदी लहान असते. तीत कार्बनचा अणू मावत नाही म्हटले तरी चालेल. या रचनेत कार्बन फार तर शेकडा ०.०२ इतकाच विरघळू शकतो. पण लोखंड पुरेसे तापविले म्हणजे त्याचे अणू नव्या रीतीने मांडले जातात. शुद्ध लोखंडात हा बदल ९१२ अंश सेल्सिअसला होतो, व कार्बनयुक्त लोखंडात तो ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. नव्या रचनेतील फटी मोठ्या असतात, आणि तीत शेकडा २ पर्यंत कार्बन सामावतो. या तप्त रूपाला ऑस्टेनाइट असे नाव आहे. इंग्लंडमधील धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या नावावरून ते पडले.

असे तप्त लोखंड सावकाश थंड होऊ दिले, तर कार्बन त्यातून बाहेर पडून वेगळा जमतो, आणि धातू तुलनेने मऊच राहतो. परंतु ते एकदम पाण्यात बुडविले, तर कार्बनला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत कोंडला जातो, आणि ती जाळी ताणलेल्या स्थितीत गोठते. अशा ताणलेल्या जाळीत अणूंचे थर एकमेकांवरून सहजी सरकत नाहीत. म्हणून धातू अतिशय कठीण होतो. या रूपाला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या स्मरणार्थ मार्टेन्साइट म्हणतात.

यावरून कवच चढविण्याची युक्ती ध्यानात येईल. मऊ लोखंडाच्या केवळ पृष्ठभागात कार्बन शिरवावयाचा, व मग तो भाग पाण्यात बुडवावयाचा. जेथे कार्बन पोहोचला तेथे धातू कठीण होईल. जेथे तो पोहोचला नाही तेथे मूळचा चिवटपणा कायम राहील.

कारागिराची रीत

ही युक्ती शास्त्रज्ञांनी शोधून काढलेली नाही. शास्त्र जन्मास येण्यापूर्वीच कारागिरांना ती ठाऊक होती. युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका धर्मोपदेशकाने कानशी कठीण करण्याची कृती दिली आहे. कानशीला डुकराची चरबी फासावी, तिच्यावर बकऱ्याच्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळाव्यात, वरून चिकणमाती लिंपावी आणि आगीत चांगली तापवून पाण्यात विझवावी, असा तिचा मथितार्थ आहे. चरबी व कातडे जळून त्यांतील कार्बन लोखंडात शिरतो. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी १७२२ साली या विषयावर ग्रंथ लिहून अनेक प्रयोगांची नोंद केली. तथापि लोखंड व पोलाद यांतील फरक कार्बनमुळे पडतो, हे स्पष्टपणे मांडले गेले ते १७८६ साली, व्हांदेरमोंद, बेर्थोले व मोंज या तिघा फ्रेंच शास्त्रज्ञांकडून.

बंदुकांच्या कारखान्यांत जी रीत रूढ झाली, ती पुढीलप्रमाणे होती. घडवून, घासून व चकचकीत करून तयार केलेले भाग लोखंडी डब्यात ठेवीत. त्यांच्याभोवती हाडांचा कोळसा व लाकडी कोळसा यांचे मिश्रण ठासून भरीत. काही ठिकाणी त्यात जळक्या कातड्याचा कोळसाही घालीत. पातळ पट्ट्या आचेने वाकू नयेत, म्हणून त्यांना लोखंडाचे जाड ठोकळे स्क्रूने आवळून बसवीत. मग डब्याचे झाकण चिकणमातीने लिंपून बंद करीत व तो डबा भट्टीत कित्येक तास तापवीत. भट्टीचे तपमान सामान्यतः ७५० ते ९०० अंशांच्या दरम्यान राखले जाई.

डब्यात कोंडलेल्या हवेतील ऑक्सिजनचा कोळशाशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड वायू बनतो. हा वायू लोखंडाच्या पृष्ठभागावर आपल्याजवळील कार्बन सोडून देतो व स्वतः कार्बन डाय-ऑक्साइड होतो. हा नवा वायू शेजारच्या तप्त कोळशाशी भिडला की पुन्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अशा रीतीने हा वायू हमालासारख्या खेपा घालीत कोळशातील कार्बन लोखंडापर्यंत आणून पोहोचवितो. पुढे तो कार्बन अणूअणूने आत सरकत जातो. या सरकण्याला विसरण म्हणतात. विसरणाचा वेग हळूहळू मंदावत जातो. कवचाची जाडी दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. सुमारे ९२५ अंशांवर एका तासात साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचे कवच मिळते, तर १.२ मिलिमीटरसाठी चार तास लागतात. बंदुकांच्या भागांना पुष्कळदा याहूनही पातळ कवच पुरेसे होते.

शेवटची पायरी सर्वांत नाजूक असे. डबा भट्टीतून काढून त्याचे तोंड पाण्याच्या टाकीच्या अगदी जवळ नेत, व आतील कोळशासकट सर्व भाग एकदम पाण्यात ओतीत. मध्ये हवेचा स्पर्श होऊ देत नसत. तप्त भागाला उघडी हवा लागली, तर त्यावर मळकट पापुद्रा धरतो आणि रंगांची आशा संपते. उलट, टाकीतील पाण्यात मात्र हवा खेळविलेली असे. त्यासाठी तळातून बुडबुडे सोडीत. काही कारागीर पाण्यात थोडा सोराही विरघळवीत.

रंग कोठून येतात

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन व तप्त धातूला लागून तयार होणारी वाफ यांच्यामुळे भागाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पडदा धरतो. हा पडदा केवळ काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षावा भाग. माणसाच्या केसाशी तुलना केली, तर हा पडदा केसाच्या जाडीच्या सुमारे एक हजारांश भरेल.

अशा पडद्यावर प्रकाश पडला म्हणजे त्याचा काही अंश पडद्याच्या वरच्या पृष्ठावरून, व काही अंश खालच्या पृष्ठावरून परत फिरतो. या दोन लहरी एकत्र येताना काही रंगांच्या लहरी एकमेकींना मारतात, तर काही एकमेकींना बळ देतात. कोणता रंग नाहीसा व्हावा व कोणता उठून दिसावा, हे पडद्याच्या जाडीवर अवलंबून असते. पडदा फार पातळ असेल तर गवती पिवळा रंग दिसतो. जाडी वाढत जाईल तसतसा तो तपकिरी, जांभळा व मग निळा होत जातो. साबणाच्या फुग्यावरील रंग याच कारणाने दिसतात. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तापविलेल्या पोलादावरील रंगांचा संबंध पातळ पडद्यांशी जोडला होता. प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने त्याचा उलगडा पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांच्या कार्यामुळे होऊ शकला.

पाण्यात पडणाऱ्या भागाचा प्रत्येक बिंदू सारख्याच वेगाने निवत नाही. कोठे कोळशाचा कण चिकटलेला असतो, कोठे बुडबुडा आड येतो, कोठे ठोकळ्याच्या जाडीमुळे उष्णता अधिक वेळ टिकते. म्हणून पडद्याची जाडी जागोजागी बदलते व रंगांचे ढग उमटतात. त्यामुळेच कोणत्याही दोन बंदुकांवरील रंगांची नक्षी तंतोतंत सारखी नसते. हाडांच्या कोळशाऐवजी वितळलेल्या सायनाइड क्षारांत भाग तापवून विझविले, तर कित्येकदा वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारखे रंग उठतात. सायनाइड हे प्राणघातक विष असल्यामुळे ही रीत अत्यंत धोक्याची आहे.

खूण म्हणजे वस्तू नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एकाच भागावर दोन थर आहेत. आतला थर कार्बनयुक्त पोलादाचा. त्याची जाडी मिलिमीटरचे काही दशांश. बळ आहे ते त्याच्यात व त्याखालील चिवट गाभ्यात. बाहेरचा थर ऑक्साइडचा. तो आतल्या थराच्या हजारो पटींनी पातळ असून सर्व रंग त्याचे आहेत. हाताच्या घर्षणाने, घामाने किंवा सौम्य आम्लाने हा बाहेरचा थर निघून जातो. म्हणूनच अनेक जुन्या बंदुकांवर आज केवळ राखी छटा उरलेली दिसते. परंतु रंग गेले म्हणून कवच गेले, असे होत नाही. कानस लावून पाहिली तर ती अद्यापही घसरते.

याच्या उलटही खरे आहे. चकचकीत पोलादी भाग उघड्या ज्योतीवर ३०० अंशांच्या आसपास तापविला, तर त्यावरही गवती, जांभळे व निळे रंग उमटतात. पण या तपमानाला कार्बन आत शिरत नाही. इतकेच नव्हे, तर पूर्वी कठीण केलेला भाग असा तापविला, तर जाळीत कोंडलेला कार्बन अंशतः मोकळा होतो, व कठीणपणा कमी होतो. म्हणजे रंग वाढले आणि गुण घटला. हौशी माणसाने जुन्या बंदुकीचे रंग पुन्हा 'ताजे' करण्यासाठी ज्योत वापरणे, म्हणजे खाचेची तीच बारीक कड मऊ करून ठेवण्यासारखे आहे. तिच्यावर माणसाची सुरक्षितता अवलंबून असते, हे वर सांगितलेच आहे. भाग पुन्हा भट्टीत घालून पाण्यात विझविणेही निर्धोक नाही. त्याने भाग वाकतो, आणि पोलाद वेगळ्या जातीचे असल्यास त्याला तडेही जातात.

स्प्रिंगफील्डचा धडा

डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर विसंबण्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात नमूद आहे. तेथील सैन्याच्या १९०३ सालच्या नमुन्याच्या रायफलींची मुख्य चौकट कमी कार्बनच्या पोलादाची असे. ती हाडांच्या कोळशात तापवून तेलात विझवीत. येथे शोभेच्या रंगांचा हेतू नव्हता, केवळ बळ हवे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, यांपैकी काही रायफली बार उडताना फुटल्या.

चौकशीत असे आढळले की, दोष घडणीच्या वेळच्या आचेत होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यात लोखंड किती तापले, हे अनुभवी कारागीर त्याच्या लालीवरून ठरवीत. परंतु लाली ही पाहणाऱ्याच्या भोवतालच्या उजेडावर अवलंबून असते. लख्ख उन्हाच्या दिवशी तप्त लोखंड फिके वाटते, म्हणून कारागीर ते अधिक तापवीत. ढगाळ दिवशी तेच लोखंड अधिक तेजस्वी भासे. ज्युलियन हॅचर या सेनाधिकाऱ्याने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोंदविले आहे की, या दोन प्रसंगी 'योग्य' मानलेल्या आचेत ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १६५ अंश सेल्सिअसचा फरक पडत असे. अति तापलेल्या पोलादाचे कण मोठे होऊन ते ठिसूळ बनले होते.

कारागीर आळशी किंवा अडाणी नव्हते. त्यांचा डोळा वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने तयार झालेला होता. पण सूर्य आणि ढग त्या डोळ्याला फसवीत होते, आणि ते त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. यावर उपाय म्हणून भट्ट्यांना पायरोमीटर, म्हणजे अतितप्त वस्तूचे तपमान अंशांत दाखविणारी उपकरणे, बसविण्यात आली. १९१८ साली चौकटी दोन वेळा तापवून संस्कारित करण्याची नवी पद्धतही सुरू झाली. तिच्यामुळे कवच कठीण राहूनही गाभा चिवट राहू लागला.

जतन व आजचा उपयोग

पृष्ठभागाला कठीण कवच चढविण्याची ही कल्पना बंदुकांपुरती राहिलेली नाही. मोटारींच्या दंतचक्रांना, तसेच अनेक यंत्रांच्या दांड्यांना व बेअरिंगांना आजही कार्बनचे कवच देतात. फक्त हाडांच्या कोळशाच्या जागी आता बहुधा कार्बनयुक्त वायू वापरतात, आणि तपमान व वेळ यांवर उपकरणांची देखरेख असते. अशा भागांवर रंग असण्याचे कारण नाही. ते गृहीत धरून कोणी चालतही नाही. भागाची परीक्षा करण्यासाठी त्यावर ठरावीक वजनाने हिऱ्याचे टोक दाबतात व उमटलेला ठसा मोजतात.

जुन्या शस्त्रांच्या बाबतीत मात्र रंगांनाही मोल आहे. वस्तू कोणत्या काळी, कोणत्या रीतीने घडविली गेली, याचा ते पुरावा आहेत. पूर्वीचे कारखानदार त्यांच्यावर व्हार्निशचा पातळ हात देत, तो रंग टिकावेत म्हणूनच. वस्तुसंग्रहालयातील अशी वस्तू चकाकी आणण्यासाठी घासली, तर तो पुरावा एका दिवसात नाहीसा होतो, आणि तो परत आणता येत नाही. उपयोगात असलेल्या वस्तूचा कठीणपणा मोजून घ्यावा. जपून ठेवावयाच्या वस्तूचा रंग मात्र आहे तसाच राहू द्यावा.